सगुणाबाई आज जेवल्या नाहीत

१ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

आजपासून रोज नोंद. नोटांच्या प्रेसमध्ये तपासणी विभागात आयुष्य गेलं. कोऱ्या नोटेवरचा शाईचा ठिपका माझ्या नजरेतून कधी सुटला नाही. दोन मासे म्हणजे काय!

टेंपरेचर सव्वीस. ओके. जयराम जेवला. सगुणाबाई जेवल्या नाहीत.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. जयराम आणि सगुणाबाई हे मासे. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. माझ्या आजोबा-आजीची नावं. तृप्तीने ठेवली, मला न विचारता. टँकही तिचाच. हॉलमध्ये टीव्ही होता तिथे आता चार फुटी समुद्र आहे. एप्रिलमध्ये ती मयूरशी लग्न करून बंगलोरला गेली, टँक इथेच राहिला. दिवाळीला येऊन नेणार आहे. मयूरला मी नको म्हणालो होतो. कारण आता नीटसं आठवत नाही. लग्नाला गेलो, पण जेवलो नाही. तत्त्व म्हणून.

तेव्हापासून ती आईला रोज फोन करते. मला फक्त रविवारी, माशांचं विचारायला. माझी काही हरकत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सगुणाबाई दगडाकडे तोंड करून बसल्यात. निदान झालं. ढोल. कोपऱ्यावरच्या गणपती मंडळाचा स्पीकर थेट आमच्या हॉलवर येतो. जाऊन सांगितलं, घरात पेशंट आहे. पोरं भली. लगेच स्पीकर फिरवला. आता तो बेडरूमवर येतो.

रोजचं पाणी घातलं. टँकचं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज एक तांब्या साधं फिल्टरचं पाणी घालायचं. तृप्ती जाताना एवढंच सांगून गेली होती. तिने टँकशेजारी एक स्टीलचा तांब्या ठेवला होता. ऑगस्टमध्ये मी तो बाथरूमला दिला आणि इथे माझा स्वतःचा आणला. रात्रभर भरून ठेवायचा, सकाळी अर्धं पाणी मी प्यायचं, अर्धं टँकला. आपल्या पूर्वजांना अक्कल होती. मला वीस वर्षांत सर्दी नाही. ही म्हणते, मग परवा शिंकत कोण होतं? ती धूळ होती.

४ सप्टेंबर, गुरुवार

मोतीराम आडवा. मोतीराम म्हणजे कोळंबी. माशांच्या अंगावरची घाण साफ करायचा. आज मिशा हलत नाहीत. घाबरण्यासारखं काही नाही, कोळंबी कात टाकते. वाचलेलं आहे.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

कात नव्हती.

बाहेर सगळे विसर्जनाला निघालेले. मी मोतीरामला तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं. ही म्हणाली, अहो, कोळंबीसाठी कोणी रडतं का? मी रडत नव्हतो. काही वाटलंच नाही. उभा होतो, एवढंच. मग चहा घेतला.

७ सप्टेंबर, रविवार

तृप्तीला फोटो पाठवायचा दिवस. ऑगस्टमधला पाठवला. त्यात मोतीराम छान आलाय. लगेच फोन आला. पप्पा, कसं चाललंय? म्हणालो, फर्स्ट क्लास. टेंपरेचर सव्वीस. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, आईला द्या.

ज्या दिवशी मासे जातील त्या दिवशी हा फोनही जाईल, असं एकदा मनात आलं. उगाच. फोनचं मला काय!

१० सप्टेंबर, बुधवार

कोरल मिटले. दगडावरची ती जिवंत फुलं दिवसभर मुठी आवळून बसलीत. ढोल तर बंद झालेत. म्हणजे दुसरं कारण. स्वयंपाकघर हॉलला लागून. फोडणी. कांदा!

उद्यापासून घरात कांदा बंद. हिचा भाऊ कळवणहून कालच गोणी टाकून गेलाय. ही म्हणाली, नाशिक जिल्ह्यात राहून कांदा बंद करणारे तुम्ही पहिलेच. सुरुवात कोणी तरी करावीच लागते.

१३ सप्टेंबर, शनिवार

तिसऱ्या दिवशीही बिनकांद्याची भेंडी. कोरल मिटलेलेच. हिने न विचारता पिठलं केलं, भरपूर कांदा घालून. मी दोनदा घेतलं. निदान रद्द.

१४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा ऑगस्टचा फोटो. तृप्तीने विचारलं, पप्पा, काचेत कॅलेंडर दिसतंय, त्यावर ऑगस्ट कसा? प्रेसमध्ये असती तर प्रमोशन घेतलं असतं पोरीने. म्हणालो, पान उलटायचं राहिलं. ती म्हणाली, मोतीराम? म्हणालो, आराम करतोय. ते खोटं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बिटको चौकाजवळच्या टँकच्या दुकानातल्या मासेवाल्या बंटीला घरी आणलं. त्याने टँकभोवती दोन चकरा मारल्या, चहा प्यायला, म्हणाला, काका, माशांना टेन्शन असतं. मी विचारलं, कशाचं? म्हणाला, ते त्यांना माहीत. एक बाटली देऊन गेला. बाटलीवरचा मासा फार तंदुरुस्त आहे.

खरं तर मला बंटीची गरज नव्हती. एकदा खात्री करून घेतली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगुणाबाईंना धाप लागलीय. तोंड उघडं, कल्ले भराभरा. जयराम त्यांना सोडून जात नाही. नुसता शेजारी तरंगतो. मी खुर्ची ओढून समोर बसलो. ही म्हणाली, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात. मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे.

उपाय वाढवले. ताकद यायला पाहिजे. आता सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक. आणि पाणी दोन रात्री मुरलेलं. तांब्या रोज चिंच-मीठ लावून घासतो, आरशासारखा लखलखीत. हे काम हिच्यावर सोडत नाही. आजाऱ्याच्या भांड्याची स्वच्छता पाळावीच लागते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज रविवार नसताना फोन. हिने सगळं सांगून टाकलेलं. मोतीराम, कोरल, धाप. फितुरी.

तृप्ती चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, पप्पा, एकच बघा. पाण्यात कुठून कॉपर जातंय का? कॉपर म्हणजे त्यांना विष. आधी कोळंबी जाते, मग कोरल मिटतात, मग मासे. अगदी हेच होतंय.

मी म्हणालो, माझ्यावर सोड. दिवसभर तपासणी. मोटरची वायर काढून पाहिली, कुठे उघडी नाही. हीटर ओके. वाळू चाळणीने चाळली. कोणी पाहुण्याने गंगेवर टाकतात तसं नाणं टाकलंय का, तेही पाहिलं. नाही. संध्याकाळी कळवलं, घरात कॉपर नाही. माझी सही समज.

तिने विचारलं, रोजचं पाणी कशाने घालता? म्हणालो, तांब्याने. तूच सांगितलंस ना, रोज एक तांब्या. ती म्हणाली, हो, मग ते बरोबर आहे.

बरोबर आहे म्हणाली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

१ ऑक्टोबर, बुधवार

सगुणाबाई सकाळी गेल्या. मी पाणी घालत होतो तेव्हाच.

काही वाटलं नाही. आजी गेली तेव्हाही मी ड्युटीवर होतो. हिने ताट वाढलं. म्हणालो, नंतर. संध्याकाळी ते ताट तसंच फ्रिजमध्ये गेलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

शेजारी सोनं द्यायला आले. विचारलं, मासे कसे आहेत? म्हणालो, जयराम बरा आहे. सगळे हसले. मीही हसलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

जयराम कमी जेवतो. दगडाआडची सगुणाबाईंची जागा सोडत नाही. माझी खुर्ची आता टँकसमोरच असते. पेपर तिथेच वाचतो. त्याला मोठ्याने वाचून दाखवत नाही. फक्त हेडलाइन.

संकल्प: जयरामला दिवाळीपर्यंत टिकवायचं. तृप्ती दारातून येईल तेव्हा एक तरी हलताना दिसला पाहिजे. मग पुढचं बोलणं आपोआप होईल. मयूरलाही जेवायला बस म्हणेन.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

आज भांडं घ्यायचा दिवस. दरवर्षी ही चमचा घेते. या वर्षी मी स्वतः भांडी बाजारात गेलो. जयरामसाठी मोठा हंडा घेतला, अस्सल, ठोक्याचा. तांब्या पुरत नव्हता. आता एकदम चार दिवसांचं पाणी मुरेल.

तृप्ती आणि मयूर दुपारी पोचले. ठरवलं होतं तसंच झालं. ती दारात, आणि जयराम हलत होता. मी तिला दाखवायला म्हणून संध्याकाळचं पाणी तेव्हाच घालायला घेतलं.

तिने बॅग खाली ठेवली नाही. विचारलं, पप्पा, हातात काय आहे? म्हणालो, तांब्या. ती म्हणाली, कशाचा?

म्हणालो, तांब्याचा.

मग मला ऐकू आलं मी काय बोललो ते.

ती तिथेच फरशीवर बसली. ही पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, अगं बाई, कॉपर म्हणजे हेच का? मयूरने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, हळूच, झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढावं तसा. पुढे गेला, कोपऱ्यातला नवा हंडा पाहिला. त्यावर अजून कुंकवाचं बोट होतं. मला बाबा म्हणाला. बाबा, बादल्या कुठे आहेत?

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी पाणी बदललं. तो मीठ कालवत होता, मी बादली धरत होतो. कारण आठवायचा प्रयत्न केला. मी त्याला नको का म्हणालो होतो? खरंच आठवलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

जयराम गेला. मी घातलेलं पाणी त्याला जास्त झालं होतं. तृप्ती म्हणाली, पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं. तपासणीतल्या माणसाला ही शिक्षा फार मोठी आहे. प्रेसमध्ये असं कोणाला कधी म्हणत नसत.

त्याला सगुणाबाई आणि मोतीरामशेजारी पुरलं. या वेळी मी रडलो. नोंद पुरी असावी म्हणून लिहितो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघं बंगलोरला परत गेले. टँक नेला नाही. रिकामा नेऊन काय करणार, म्हणाली. निघताना सगळ्यांची पानं एकदम मांडली होती. मयूर म्हणाला, बाबा, बसा. मला भूक नव्हती. तत्त्व वगैरे काही नव्हतं. तृप्तीने माझ्या ताटाकडे पाहिलं. लग्नातही तिने पाहिलं असणार.

ते गेल्यावर हंडा आणि तांब्या माळ्यावर टाकले. स्टीलचा तांब्या बाथरूममधून आणून, घासून, टँकशेजारी ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार, दुपार

टँक चालू आहे. मोटर बंद करवत नाही. स्टीलच्या तांब्याने एक तांब्या पाणी घातलं. पाणी अगदी स्वच्छ. आत कोणी नाही.

फोटो पाठवायचा दिवस. काढण्यासारखं काही नव्हतं. नाही पाठवला. आता फोन यायचं काही कारण नाही. मोबाइल पालथा ठेवला. पेपर घेतला.

फोन आला. मी म्हणालो, थांब, आईला देतो. ती म्हणाली, आईला नको. पप्पा, तुम्ही जेवलात का?

म्हणालो, टेंपरेचर सव्वीस आहे.