वाइननं धुतलेली हाडं

प्रिय लाझारोस,

तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तू ठीक असशील असं धरून चालते. आपल्या आईला पुरून पाच वर्षं झाली. आता हाडं काढून, वाइननं धुऊन पेटीत ठेवायची आणि जागा मोकळी करायची, तेव्हा शनिवारी ये, असं दोनदा कळवलं होतं. आला नाहीस. तुझी वाट बघत पाद्रीबाबा तासभर उन्हात उभे होते.

इकडची बातमी म्हणजे टेकाडाची. आपण ज्यावरून घसरायचो, त्याच्या पोटात दगडी थडगं निघालं, दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचं. मोठी खोली चोरांनी केव्हाच साफ केली होती. पायथ्याचं एक छोटं थडगं मात्र शाबूत सापडलं. आत एक बाई, कानांत सोन्याची फुलं, उशाशी आरसा. राणीबिणी नाही. मी तिथं तीन उन्हाळे खापऱ्या धुते आहे. हात हलका म्हणून खोदकामाच्या मिर्तोबाईंनी सोमवारी तिची हाडं माझ्यापुढे ठेवली. कोरड्या ब्रशनं माती झाडायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, असं बजावून त्या जेवायला गेल्या.

मी ती वाइननं धुतली. कवटीपासून सुरुवात केली, आपल्याकडे करतात तशी, आणि पांढऱ्या फडक्यावर वाळत मांडली. मेणासारखी पिवळी होती. अशी निघाली की जीव सुटला म्हणून बायका समाधानानं मान हलवतात, तशी माझीही हलली. मिर्तोबाई आल्या तेव्हा वास सुटला होता.

"एवान्थिया, अगं प्रयोगशाळेत जायची होती ती. तुझी आजी लागत होती का ही?"

"कुणाची तरी असेलच की," मी म्हटलं.

त्या डोकं धरून खाली बसल्या. ती बाई कुठली, काय खायची, ते म्हणे आता कळणं कठीण. मला आता माती चाळायला बसवलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

ती वाइन माझ्या पिशवीत का उरली होती, हे सांगायला पत्र लिहिते आहे. शनिवारी कबर उघडली, तर आईची अजून माती झाली नव्हती. हात, केस, निळा झगा, सगळं तसंच. डॉक्टर म्हणाला, जमीन चिकण आहे. पण कुणाची माफी राहिली की माती देह घेत नाही, असं आपल्याकडे मानतात ना; सोफियामावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, हिला माफ न केलेलं कोण राहिलंय गं?" मी म्हटलं, कुणी नाही. तुझ्या बायकोला, उटेला, कडेवरच्या लेकरासकट, आईनं दारातून परत लावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकत होते आणि गप्प बसले. पाद्रीबाबांनी माती परत लोटायला सांगितलं. तीन वर्षांनी पुन्हा उघडायची. तू येऊ नकोस हवं तर. आईला माफ केलं, एवढं एका कागदावर लिहून पाठव, मी तिच्यापाशी बसून वाचेन. मनापासून वाटत नसलं तरी लिही. आणि जमलं तर माफ केलेल्यांत, आईच्या खाली, माझंही नाव घाल.

तुझी बहीण,
एवान्थिया