पहारेकऱ्याच्या अपिलाचे नववे पान

प्रति,
मा. प्राचार्य,
विधी महाविद्यालय.

विषय : कैदेतील पहारेकऱ्याच्या अपिलासाठी केलेल्या टिपणातील चूक सही-शिक्क्यानिशी मान्य करण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझे तीन अर्ज (परत आलेले).

महोदय,

सदर टिपणात चौदा पाने, एकतीस निकालांचे दाखले आणि बावन्न तळटिपा आहेत. ते विधी साहाय्य कक्षासाठी मी तयार केले. तीस दाखले बरोबर आहेत. नवव्या पानावरचा एक, ज्यावर सगळे अपील उभे होते, तो चुकीचा आहे.

तो निकाल तीन न्यायाधीशांचा आहे. मी उतरवलेला बाविसावा परिच्छेद न्यायालयाचा निर्णय नसून, बाकी दोघांशी असहमत असलेल्या एकट्या न्यायाधीशांचे मत आहे. मूळ निकाल न उघडता मी छापील सारांशावर विसंबले. विज्ञान शाखेत असताना स्वतः न मोजलेला आकडा वहीत लिहिला, तर ते पान फाडले जाई. इथे हेच टिपण ‘सादरीकरण कसे असावे’ याचा नमुना म्हणून वर्गात वाटले गेले.

सुनावणीत सरकारी वकिलांनी नववे पान वाचून दाखवले आणि शेजारी मूळ निकाल ठेवला. अपील फेटाळले. सात वर्षांची शिक्षा कायम झाली.

मी चूक सांगितली तेव्हा कक्षप्रमुख म्हणाले, “अगं, टिपण किती देखणं झालंय! आता स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?” पहिला अर्ज समास कमी सोडला म्हणून परत आला. दुसरा, ‘चूक’ऐवजी ‘कथित चूक’ लिहिले नाही म्हणून. तिसऱ्यावर शेरा आहे : नमुना टिपणात चूक संभवत नाही.

पहारेकऱ्याची बायको दर मंगळवारी कक्षाबाहेरच्या बाकावर येऊन बसते. परवा तिने विचारले, “ताई, तुमचं लिखाण एवढं चांगलं होतं म्हणतात, मग आमचंच कुठं चुकलं?” मला उत्तर देण्यास मनाई आहे.

वरच्या न्यायालयात जाण्याची मुदत चार दिवसांनी संपते. महाविद्यालयाचे पत्र मिळाल्यास पहारेकऱ्याचे वकील नव्याने मांडणी करण्यास तयार आहेत, पत्राशिवाय नाहीत. पहारेकऱ्याच्या बाजूचा दुसरा निकाल मला सापडला आहे. तो मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला आहे. पत्रात दोष माझ्या नावावर लिहावा. मला कामावरून कमी केले तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
संशोधन सहायक, विधी साहाय्य कक्ष
दिनांक : १९ मार्च

सोबत :
१. दुरुस्त केलेले नववे पान, समास दीड इंच.
२. परत आलेले तीन अर्ज, शेऱ्यांसह.
३. मूळ निकाल कपाटातून काढून बाविसावा परिच्छेद कोणाचा आहे हे पाहण्यास लागणारा वेळ, काल घड्याळ लावून मोजलेला : चार मिनिटे दहा सेकंद.