मधल्या चौदा मिनिटांबद्दल

तीर्थस्वरूप आक्कास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना आता नीट ऐकू येतं का, की अजूनही सोयीचं तेवढंच येतं? इकडे आम्ही ठीक. मला सर्दी झाली आहे आणि तुझ्या भावजयीला झालेली नाही, त्यामुळे मी ती कुठून आणली याची घरात चौकशी चालू आहे.

बबी माझा फोन उचलत नाही. आज एकवीस दिवस झाले. तुझ्या लेकीची बाजू तू ऐकली असशीलच. माझी लिहून पाठवतो, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आधी सिनेमांविषयी. (हे विषयांतर नाही.) यंदा मी एकतीस पाहिले. सगळं गाव ज्याला लोटलं त्यात एक बॉम्ब आहे आणि बॉम्बवर घड्याळ आहे. घड्याळात साठ सेकंद उरलेत. मी माझ्या घड्याळात पाहिलं, ते साठ सेकंद चार मिनिटं वीस सेकंद चालले. तेवढ्यात नायक आईशी फोनवर बोलला, खलनायकाला माफ केलं, आणि कुठली वायर कापायची यावर एक आठवणही काढून झाली. अडतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो आहे. इतकं मागे पडणारं घड्याळ कुणी आणलं तर मी उघडतसुद्धा नाही. दुसरा एक होता गरीब मुलीचा. ती इतकी गरीब की तिला दर प्रसंगात नवे बूट घालावे लागतात. तिसऱ्यातलं भूत सभ्य होतं, गाणं संपेपर्यंत दाराआड थांबायचं. एकाच्या सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी होती. ती सत्य घटना म्हणजे मध्यंतरात निम्मं थिएटर उठून गेलं ती असावी. चांगला एकच निघाला. त्यात एक माणूस दोन तास नळ दुरुस्त करतो आणि शेवटी नळ गळतोच. प्रेक्षक अकरा, त्यात आमच्या शेजारच्या दुकानातला चश्मेवाला घोरत होता. बाहेर पडल्यावर मी तासभर नुसता चालत राहिलो. तो सिनेमा तीन दिवसांत उतरवला.

आता मुद्दा. बबी सहा वर्षांची असताना तुम्ही दोघं कामावर जायचात आणि तिला माझ्याकडे ठेवायचात. रविवारी मी तिला सिनेमाला न्यायचो. तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की थिएटरच्या पायऱ्या उतरताना, शेवटची पायरी यायच्या आत, यातलं काय कापायचं ते ज्याने त्याने सांगायचं. आवडला असला तरी सांगायचं. माणूस ओळखीचा म्हणून सोडायचं नाही. सात वर्षांची असताना ती म्हणाली होती, “मामा, ती आई एकदाच रडली असती तरी कळलं असतं.” एवढी अक्कल वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांना अजून आलेली नाही. पुढे ती सिनेमाची एडिटर झाली. तू तिला औषधांच्या दुकानात बसवणार होतीस, म्हणून चार वर्षं मला दोष दिलास. मी तो कौतुक म्हणून घेतला.

तर तिचा पहिला सिनेमा. लागायच्या आधी एक खास खेळ होता, त्याला तिने आम्हाला बोलावलं. मी, तुझी भावजय आणि चश्मेवाला. (त्याला बोलावलं नव्हतं. तो येतो.) सुरुवात बरी होती. मग मध्येच एक म्हातारा उगवला. रेडिओ दुरुस्त करणारा. दुकान बंद करतो, सिनेमाला जातो, अंधारात पडद्याशी भांडतो, पुढच्या रांगेतले मागे वळून पाहतात, घरी येऊन बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतो आणि वर दुसऱ्यांदा वाढून घेतो. चौदा मिनिटं हेच. तुझ्या भावजयीचे खांदे हलत होते, मला वाटलं रडते आहे. चश्मेवाला पडद्याऐवजी माझ्याकडे पाहत होता, मला वाटलं तोही कंटाळला.

बाहेर बबी पायऱ्यांच्या तळाशी उभी होती, शेजारी दिग्दर्शक आणि निर्माते. शेवटून दुसऱ्या पायरीवर मी नियमाप्रमाणे सांगितलं, “मधली चौदा मिनिटं काढून टाक. तो म्हातारा खोटा आहे. इतक्या खडूस माणसाला घरात कोण ठेवून घेईल?”

निर्मात्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “दोन महिने मी हेच सांगतोय. बघा, सामान्य प्रेक्षक काय म्हणतो बघा.”

(मला आजवर कुणी सामान्य म्हटलेलं नाही.) बबी म्हणाली, “बरं, मामा.” एवढंच.

बसमध्ये तुझी भावजय म्हणाली, “अहो, तो म्हातारा तुम्ही होतात.”

मी म्हणालो, मी रेडिओ दुरुस्त करत नाही.

“म्हणून तर तुला पत्ता लागला नाही,” चश्मेवाला म्हणाला.

मी पुरावा मागितला. तो घर येईपर्यंत मिळत राहिला आणि जेवतानाही पुरला. ती चौदा मिनिटं बबीने स्वतः लिहिली होती, हट्टाने घ्यायला लावली होती आणि निर्मात्यांशी भांडून ठेवली होती, हेही तेव्हाच कळलं. ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

सिनेमा लागला त्या दिवशी पहिल्या खेळाला गेलो. चौदा मिनिटं नव्हती. म्हातारा एकदाच दिसतो, पाठमोरा, दुकानाचं शटर ओढताना. सांधा कुठे दिसत नाही, काम स्वच्छ आहे. सिनेमा लहान झाला आणि वाईट झाला. हे मी एकदाच लिहितो आहे.

तरी माझी चूक नाही. नियम दोघांचा होता. मत मागितलं, मत दिलं. माफी मी कुणाची मागत नाही. (तेही म्हणे त्या चौदा मिनिटांत होतं.) तिला तसं सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. निर्मात्यांना सहा पानी पत्र पाठवलं. लिहिलं, की मीच तो सामान्य प्रेक्षक, मत मागे घेतो आहे, म्हातारा परत घाला. उत्तरादाखल नायकाचा सहीचा फोटो आला. सही छापील आहे.

ता. क. दुसरा. कापलेला भाग फेकून देत नाहीत, असं बबीनेच मला एकदा सांगितलं होतं. तो तिच्याकडे असेल तर मला एकदा बघायचा आहे. तिच्या शेजारी बसून. मी विचारलं असं सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

ता. क. तिसरा. तिने नोकरीचं पहिलं पत्र दुकानात आणून दाखवलं, तेव्हा मी ‘कागद चांगला आहे’ एवढंच म्हणालो, असंही त्यात आहे म्हणतात. खरं आहे. पण ती गेल्यावर मी सकाळी साडेअकराला दुकान बंद केलं आणि गल्लीत प्रत्येकाला सांगत फिरलो. चश्मेवाल्याला दोनदा सांगितलं. ते त्यात नाही, कारण ती तिथे नव्हती. जमलं तर घाल म्हणावं. एक मिनिट पुरे. दीड झालं तरी चालेल.