बरण्या झाकणासकट परत

९ मार्च, शनिवार

पार्सल आलं! रोमानियाहून घरची पार्सलं आणणारी त्रायानकाकांची मिनीबस रीतीप्रमाणे दोन तास उशिरा. इथे हॉलंडात, ग्रोनिंगेनच्या सुपरमार्केटमागे आम्ही अकरा रोमानियन गारठत उभे — दोन होऊ घातलेले डॉक्टर, एक अर्थतज्ज्ञ, मी जलव्यवस्थापनवाली — आणि सगळ्यांचं लक्ष आयांनी पाठवलेल्या खिम्याच्या रोलवर. देशाचं भवितव्य म्हणतात ते हेच.

"स्मारांदा, बर्लाद!" काकांनी माझ्या नावागावाचा पुकारा केला. "पोरी, तुझी आई अख्खं तळघर पाठवते की काय?"

रोल मात्र खारट. वांग्याच्या चटणीत मिरची जास्त. आईचा हात बिघडला?

१४ मार्च, गुरुवार

आईचा फोन. हल्ली फक्त गुरुवारी दुपारी येतो. शिवणकारखान्यातली पाळी बदलली म्हणे. तिच्यामागे पांढरी भिंत. "रंगवली," म्हणाली. कुठली खोली? "सगळंच घर." म्हणून ईस्टरला यायचं नाही. रंगाचा वास!

तिने अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय की मी डच राजासाठी बंधारे बांधते. आठवड्यातले तीन दिवस मी कांदे निवडते. कांद्याची शेतं बंधाऱ्याच्या आतच आहेत, तेव्हा अगदीच थापा नाहीत.

आणि नवल — "बरण्या परत पाठवू नकोस." आई म्हणतेय हे! एक झाकण हरवलं म्हणून जिने गेला नाताळ अबोल्यात घालवला, ती!

"बरं नाहीये का तुला?"

"कार्टे, तो त्रायान फोडतो सगळ्या. राहू देत तिकडेच."

२४ मार्च, रविवार

उत्रेख्तला 'घरी परत या' मेळावा. परदेशात शिकणाऱ्या रोमानियन विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी! पेन फुकट, पिशवी फुकट. मुख्य वक्ते मायदेशाबद्दल बोलता बोलता इतके गहिवरले की डोळे पुसावे लागले. प्रश्न घ्यायला थांबले नाहीत. लंडनचं विमान चुकलं असतं. चौदा वर्षं तिकडेच राहतात!

पुढच्या टेबलावर एक सरकारी गृहस्थ. "परदेशी पदवी? छान, छान. आधी भाषांतर. मग भाषांतरावर शिक्का. मग शिक्का खरा आहे याचा दाखला."

"आणि नोकरी?"

"ते टेबल वेगळं."

वेगळ्या टेबलावर कुणीच नव्हतं. बिस्किटं होती. खाल्ली.

सगळ्यात शेवटी आमच्या बर्लादकडच्या यासी शहरातल्या पाटबंधारे कार्यालयातली एक बाई, थर्मास घेऊन बसलेली. ना फलक, ना पेन. "प्रूत नदीचे बंधारे आहेत. माणसं नाहीत," म्हणाली. मी अर्ज मागितला तर माझ्याकडे संशयाने पाहायला लागली. "इथे काही झालं का तुमचं?"

"काही नाही."

"नापास?"

"नाही हो."

"मग लग्न मोडलं?"

आपल्याकडे कुणी आपणहून परत येतं यावर परत बोलावणाऱ्यांचाच विश्वास नाही! अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात 'व्यावसायिक प्रगती' असं ठोकून दिलं. खरं कारण इथे लिहिते: मला आईजवळ जायचंय. तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची बोलणी खायचीत. तीन वर्षं फोनवर खाऊन पोट भरलेलं नाही.

५ मे, ईस्टर

पार्सलातली लाल अंडी वाटेतच फुटली, बाराच्या बारा. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटून टकरा लावायच्या, त्या कशाच्या आणि कुणाशी? सोलून खाल्ली.

१६ मे, गुरुवार

यासीहून पत्र. निवड झाली! १ जुलैपासून!

आईला आडून विचारलं. "समजा, मी परत आले तर?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी!"

मग सुटलीच. "वेड लागलंय का? लोक म्हणतील, हाकलली तिला. लेनुत्साला मी काय तोंड दाखवू?"

लेनुत्साकाकू म्हणजे शेजारीण. तिचा मुलगा मिलानला फरश्या बसवतो. आळीत तो 'डिझाइनमध्ये' आहे.

"तू तिथेच राहायचंस," आई म्हणाली. "तुझ्यासाठी मी इतकं—" आणि थांबली. मागून कुणी म्हातारी ओरडल्यासारखं वाटलं. "टीव्ही," म्हणाली. फोन बंद.

हिला मुलगी नकोच आहे. आळीत मिरवायला बातमी हवीय. भयंकर राग आलाय.

१ जून, शनिवार

यासीचं नेमणूकपत्र सही करून पाठवलं. कांदेवाल्याला नोटीस दिली.

नऊ बरण्या घासूनपुसून, झाकणासकट, त्रायानकाकांच्या हवाली केल्या. सर्वांत मोठीत चिठ्ठी: 'आई, १ जुलैपासून यासीला. शनिवार-रविवार तुझ्याकडे. ओरडायचं ते समोर ओरड.'

काकांनी मान खाजवली. "कशाला पाठवतेस, पोरी?"

"तुम्ही फोडू नका म्हणजे झालं!"

नेहमी शेरास सव्वाशेर बोलणारा माणूस, आज नुसता खोकी रचत राहिला.

१३ जून, गुरुवार

आईचा फोन. चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. बघू या कोण आधी हार मानतं!

१५ जून, शनिवार

नऊच्या नऊ बरण्या परत आल्या. चिठ्ठी आत तशीच.

त्रायानकाका नजर चुकवत म्हणाले, "दाराला कुलूप आहे, पोरी. कारखाना जानेवारीतच बंद पडला. फेब्रुवारीत माझ्या मेहुण्याच्या गाडीने ती बोलोन्याला गेली, इटलीत. एका म्हातारीला सांभाळते. गुरुवारी दुपारी सुट्टी असते तिला. रोल लेनुत्सा करते, ती फोनवर सांगेल तसे. तुझी पदवी हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घातली होती आम्हाला."

तिथेच पार्किंगमध्ये रडले, सगळ्यांसमोर.

मग विचारलं, बर्लादहून बोलोन्याची गाडी कधी सुटते? "शुक्रवारी सकाळी."

बरण्या ठेवून घेतल्यात. घरी जाताना बरोबर नेईन. लेनुत्साकाकूकडून किल्ली घ्यायची, आणि रोल शिकायचे. मीठ कमी घालून, शुक्रवारच्या गाडीने आईला पाठवायला.