बिरोबाला बोललेली शर्यत

२ फेब्रुवारी, रविवार

भारतनं आज बोकड आणला. शहरात, गारखेड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात! लेक कंपनीत कामाला लागला, पण अक्कल गावाकडं पिशोरलाच ठेवून आला. नात अक्षदा जिल्ह्याच्या पळायच्या शर्यतीत पहिली आली तर बिरोबाला बोकड कापून कंदुरीचं जेवण घालीन, असं बोललाय. शर्यत अजून व्हायचीय — तरी बोकडाच्या कपाळाला भंडारा लावून मोकळा.

"नाय आली तर?" मी विचारलं.

"आई, तोंडातून चांगलं काढ की!"

भंडारा लागला की बोकड देवाचा. विकता येत नाय, माघारी देता येत नाय. पोरीला हरायला जागाच ठेवली नाय बापानं.

मी सांगते ते लिहिणारी अमृता, शेजारची पोर. "आज्जी, हेपण लिहू?" म्हणते. लिही की! मला कुठं वाचायचंय?

५ फेब्रुवारी, बुधवार

बोकडानं सुनेची तुळस खाल्ली. तिला पत्ता नाय! सून सत्यशीला फोनवर कंदुरीची आवतणं देण्यात दंग. "आमची अक्षू पहिलीच येणार, तुम्ही निघाच!" अक्षू शेजारी बसून नुसती भाकरी कुस्करत होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोरगी जिना कठड्याला धरून, तिरकी तिरकी उतरते. भारतला म्हणलं, मेंढरू असं चाललं असतं तर तुझ्या बापानं सगळा कळप थांबवला असता.

"सरावानं पाय भरतात, आई. तुला त्यातलं काय कळतं?"

व्हय बाबा, मला काय कळतं!

मग पोरीलाच विचारलं. तिनं ओठावर बोट ठेवलं आणि बोकडाकडं बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली आली!

भारत मैदानात असा नाचला की चपलेचा अंगठा तुटला. सुनेनं पदक स्वतःच्याच गळ्यात घालून फोटो काढला. मी पोरीकडं बघत होते. एका पायावर उभी होती, बगळ्यागत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पिशोरला कंदुरी झाली. मटणात मीठ कमी, बोलण्यात मोठेपणा जास्त. "आता विभाग, मग राज्य!" — भारत वाढताना पंगतीत ज्याला त्याला सांगत होता. भावकीतल्या पोरांनी अक्षदाला खांद्यावर घेऊन देवळापुढं हलगीच्या तालावर नाचवलं. भंडाऱ्यानं पिवळी झालेली पोर रडायला लागली. सगळे म्हणले, आनंदानं रडती.

खाली उतरवली, तर पाय टेकवेना. किंचाळली. हलगी थांबली तेव्हा कुठं बापाला ऐकू आलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नडगीचं हाड चिरलंय. डॉक्टर भारतला म्हणाले, "दुखऱ्या पायावर पळाली आहे ही. आता वर्षभर शर्यत नाही."

"मग विभागाचं?" भारत म्हणला. सुनेनं तोंडाला पदर लावला.

आणि अक्षदा हसली. आई-बापासमोर! लई दिवसांनी हसली. डॉक्टरांना म्हणली —

"नक्की ना?"