खापरपणजीचं टोपडं

३ मार्च, होबार्ट.
थोरल्या बहिणीला, व्हर्नाला, डॉक्टरांनी जूनच्या हिवाळ्यापर्यंतची मुदत दिलीय. तिची एकच इच्छा. सतराला बायकांच्या जुन्या तुरुंगापाशी मिरवणूक आहे, तिथे खापरपणजीचं टोपडं घालून जायचं. शिक्षा होऊन जहाजातून इथे आलेल्या प्रत्येक बाईसाठी वंशजांनी पांढरं टोपडं शिवायचं, वर तिचं नाव भरायचं. टोपडं एका बैठकीत होईल, चव्वेचाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. नाव आठवड्यात शोधतो. आमची खापरपणजी कैदी नव्हे, गव्हर्नेस असणार, असंही सांगितलं. व्हर्ना म्हणाली, मग आईच्या बायबलमधलं पूर्वजांच्या नावांचं पान कुणी कापलं? गव्हर्नेसला कोण लपवतं रे?

कुणी कापलं कोण जाणे. त्या काळी लाजेपायी घरोघरी कापायचे.

६ मार्च. दुपारी.
दप्तरखान्यातली मुलगी म्हणाली, आधी आजी शोधा, मग पणजी. मी काय नवशिका आहे? तरी शोधलं. पणजी अनाथालयात वाढलेली, नोंदीत तिच्या आईच्या रकान्यात नुसती रेघ. म्हणजे नाव होतं ते फक्त त्या पानावर. मुलगी हळहळली. मी शिंपल्यांची पेस्ट्री खाऊन घरी आलो.

९ मार्च.
टोपडं तिसऱ्यांदा उसवलं. कापडच वाईट. टोप्या चढवायच्या लाकडी डोक्यावर घालून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. चहा घेऊन आलो तर तोंड माझ्याकडे. वारा असेल. खिडकी बंद होती, पण वारा असेल.

१२ मार्च.
व्हर्नाचा फोन. बायबलात उरलेली त्या पानाची कड दातेरी आहे म्हणे. मी म्हणालो, उंदीर. ती म्हणाली, उंदरांकडे झिगझॅग कात्री असते का? हसली, मग खोकतच राहिली. कात्री खणात आहे. खण उघडला नाही.

१३ मार्च.
स्वतःशी खरं बोलायला हरकत नाही. १९६८. जिच्याशी लग्न करायचं होतं त्या जॉइसचे वडील मुलगा बघायला चहाला येणार होते. मोठी माणसं. मी पान फक्त बाजूला काढून ठेवलं. चुलीत. आधी नाव वाचलं होतं, एकदा. हल्ली टोपड्याकडे पाठ केली की मान गार पडते. भीती वाटते, झालं. निश्चय: उद्या व्हर्नाला सगळं सांगायचं.

१४ मार्च.
सांगितलं नाही. त्याहून चांगली युक्ती सुचली. कैद्यांच्या यादीतलं एक सुरेख नाव निळ्या रेशमानं भरलं, टॅबिथा ओरम. व्हर्ना रडली, दहा वेळा नाव म्हणाली. बारा हजार बायकांत कोण विचारतंय?

१७ मार्च.
विचारलं. टॅबिथा ओरमचंच टोपडं घातलेली एक बाई, सोबत अकरा नातेवाईक. सगळ्यांनी आम्हाला मिठ्या मारल्या, रविवारी जेवायला बोलावलं. घरी आल्यावर व्हर्नानं टोपडं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, आईनं मला ते पान कधी बघू दिलं नाही, पण तू कापलंस तेव्हा मी दारात होते. आज ना उद्या नाव सांगशील म्हणून थांबले. मी म्हणालो, आठवत नाही. ती म्हणाली, मग हे उसव.

१८ मार्च.
उसवलं. सुईची भोकं राहिलीत. धुतलं, इस्त्री केली, तरी उजेडात धरलं की टॅबिथाच दिसते. नवा निश्चय: रोज सकाळी तासभर डोळे मिटून ते पान आठवायचं. आज बसलो. नाव एमवरून होतं, नक्की.

किंवा एन.