दगडावरचे ओरखडे

बाबा, त्या दगडावरचे ओरखडे वाघाचे नव्हते.

खदानीच्या तोंडाशी चुनखडीचा तो सपाट दगड होता. त्यावर एकाच दिशेनं ओढलेल्या खोल रेघा. वाघोबानं नखं घासली म्हणून सगळे त्याला शेंदूर लावायचे. तुम्ही सुरुंगवाले. तिथं नारळ फोडल्याशिवाय तुम्ही पहिल्या भोकात दारू भरत नव्हता. त्या दिवशी मी यजमानांचा डबा घेऊन आले होते. चपलेचा पट्टा तुटला म्हणून त्याच दगडावर पाय टेकवून तो बघत होते. तुम्ही धावत आलात. "पाय काढ पयले! दिसत नाई काय तुले?" म्हणालात आणि मजुरांसमोर माझ्या कानाखाली मारलीत. यजमान हसत आम्हा बापलेकीच्या मध्ये पडले. "जाऊ द्या मामाजी, अंग दुखत असन वाघोबाचं. पोरीनं पाय देल्ला त बरं वाटलं असन त्याले." सगळे हसले. तुम्ही नाही.

आठव्या दिवशी सुरुंगाचा दगड त्यांच्या डोक्यात बसला. मी पोचले तेव्हा अर्धा चेहरा ओळखीचा होता, अर्धा नव्हताच. चुन्याची पांढरी भुकटी रक्त ओढून घेत होती आणि मी ती दोन्ही हातांनी खरवडत होते. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिनं पाय देल्ला. हिनंच खाल्ला त्याले."

गावानं तेच धरलं. मीही मानलं. कित्येक वर्षं आंघोळीला बसले की तो पाय ठिकरीनं घासायची, रक्त निघेपर्यंत.

मग आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागले. तिथल्या कपाटातली पुस्तकं वाचायची सवय लागली. चौथीच शिकलेली, एकेका ओळीला बोट लावून वाचायची. भात शिजतो आहे आणि मी वाचते आहे की आपल्या जिवतीच्या डोंगराखालची चुनखडी समुद्राच्या तळाशी साचली. इथं पाणी होतं बाबा, इथं किनारे होते. लाट दगड उचलते आणि त्याच दगडानं काठाला हाणते. खालून पोखरते, मग वरचा कडा आपल्याच वजनानं कोसळतो. पुढं कधीतरी सगळं गोठतं. जगातलं पाणी बर्फात अडकतं, समुद्र मागं सरतो, किनारा उघडा पडतो. बर्फ वितळला की समुद्र परत चढतो आणि दुसरीकडे फोडायला लागतो. आपल्या भागावरूनही डोंगराएवढा बर्फ सरकत गेला. त्याच्या पोटाखाली अडकलेले धोंडे चुनखडीवरून फरफटले. त्या रेघा त्यांच्या. एवढी मारामारी झाली, आणि ती बघायला ना देव होता ना माणूस.

मी झाऱ्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. भात खाली लागला.

वाघोबा नव्हता, तर कोपला कोण? बत्ती देण्याआधी सगळे आडोशाला गेले का हे बघणं तुमचं काम होतं. त्या दिवशी तुम्ही बघितलं नाही. एका मजुराच्या बायकोनं मला हे तेव्हाच सांगितलं होतं. मीच तिला गप्प केलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा तुम्ही जिवंत होता. अर्ध्या अंगानं लुळे, खाटेवर. मी पुस्तक घरी आणलं तर विचारलंत, "काय वाचून राह्यली व?"

"समुद्राचं हाय, बाबा."

"इथी कुठी आला समुद्र?"

मी पुढं काही बोलले नाही. कीव आली म्हणून नाही. त्या दिवशी तुम्ही बघितलं नाही, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. दोन वर्षं तुम्हाला पेज भरवताना रोज वाटायचं, आज बोलतील.

हे पत्र कुठं टाकणार? पिठाच्या डब्याखाली राहील. पण एक लिहायचं राहिलं. जायच्या आधी एका सकाळी तुम्ही माझं मनगट धरलंत. "पोरी, त्या दिवशी म्या..." एवढं बोललात. मी हात सोडवला आणि चुलीवरचं बघते म्हणून उठले.

चुलीवर काही नव्हतं.